निघून जाण्याचे चार हजार

फोन आला तेव्हा मी कणीक तिंबत होते,
म्हणून कोपरानं स्पीकर दाबला.
खराडीहून कुणी तन्वी बोलत होती,
आधी हिंदीत, मग माझं 'हां, बोला' ऐकून मराठीत.
मॅडम, एकतीस तारखेपर्यंत सगळी बाकी भरून
तुम्ही कार्ड बंद केलंत
तर कंपनी तुम्हाला चार हजार रुपये देईल.

मी म्हटलं, पुन्हा सांग.
तिनं पुन्हा सांगितलं. तेच शब्द, तिथेच श्वास.

आजवर लोकांनी मला पैसे दिले ते जेवणाचे.
न येण्याचे कुणी दिले नव्हते.

नवी पेठेत एकोणीस वर्षं मेस चालवते.
पोरं येतात जतहून, किनवटहून, परभणीहून,
जागा निघतील म्हणून अभ्यास करतात.
जागा निघत नाहीत, परीक्षा पुढे जाते,
पोरं गावी जातात, पोळ्या उरतात.
मग मार्केट यार्डातली तूरडाळ कार्डावर,
सिलिंडर कार्डावर,
एकदा तर एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डावर.

हे कार्ड मी मागितलं नव्हतं, तेही सांगून ठेवते.
अलका टॉकीजच्या चौकात छत्रीखाली टेबल टाकलेला
एक टायवाला मुलगा मागे धावत आला होता,
काकू, फ्री आहे! वर ट्रॉली बॅग!
बॅगेचं चाक पहिल्याच महिन्यात गेलं.
आता तिच्यात बटाटे असतात.

मी तन्वीला विचारलं, माझ्यातच काय एवढं?
सिस्टीमनं नावं काढलीत मॅडम, म्हणाली,
आणि जरा थांबून, शेजारच्या खुर्चीला ऐकू जाऊ नये तशी:
हाय रिस्क.

म्हणजे जोखीम.
एसटीत आई पिशवी मांडीवरून उतरवू देत नसे.
जोखीम आहे गं आत, म्हणायची.
दोन पाटल्या, एक वज्रटीक.
दागिन्याला ती डाग म्हणे
आणि डागालाही डागच.

रविवार पेठेत पाटल्या काट्यावर ठेवल्या.
सोनारानं जोखल्या, आकडा लिहिला,
नोटा दोनदा मोजून दिल्या आणि वर म्हणाला,
ताई, जोखीम आहे, पर्स पुढून धरा.

रात्री परमेश्वर आठवला.
देव नव्हे, जिंतूरचा. चार महिन्यांची बाकी.
भिंतीकडे तोंड करून बसायचा, भात दुसऱ्यांदा मागायचा नाही.
एका दुपारी त्याच्या हातावर तीनशे रुपये ठेवले,
गाडीभाड्याचे. म्हटलं, मागचं सोडलं मी,
उद्यापासून मात्र येऊ नकोस.
आवाज तन्वीसारखाच होता माझा,
मऊ, आतून कडी लावलेला.
मला तेव्हा वाटलं, किती चांगली मी.
गवयाला बिदागी देतात, भटजीला दक्षिणा,
आणि ज्याला काढायचं त्याला नारळ.
त्यानं नोटा खिशात घातल्या नाहीत, मुठीतच ठेवल्या.
मग स्वतःचं ताट उचलून नळाखाली घासलं
(माझ्याकडे पोरांनी ताटं घासायची पद्धत नाही),
पुसलं, उपडं घातलं,
आणि गेला.

मंगळवारी चार हजार जमा झाले.
मेसेजमध्ये आभार होते आणि हेमलताचं हेमलाता.
दुधाच्या पिशव्या कापायच्या कात्रीनं
मी कार्ड कापलं. सहज कापलं जात नाही ते,
अंगठ्याला वळ उठतो.

तीनशे बाजूला काढून हळदीच्या डब्यामागे ठेवलेत.
जुन्या वहीत परमेश्वरचा नंबर सापडला, लावला.
आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही,
असं एक बाई म्हणाली. तन्वी नव्हती,
पण श्वास तिथेच घेतला.

दोनदा ऐकलं ते.
मग कणकेवरचं फडकं काढलं.
आज सोळाच पानं आहेत.